वाचकांचे प्रश्न : फायबर कंपनीचे, राउटर घरचा

प्रश्न : आम्ही इंदिरानगर भागातील रो-हाउसमध्ये राहतो. आमच्याकडे २०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. कंपनीचा बॉक्स तळमजल्यावर टीव्हीशेजारी बसवलेला आहे आणि वरच्या मजल्यावर, जिथे सूनबाई घरून काम करतात, तिथे रेंज जेमतेम पोहोचते. जावयांनी एक चांगला राउटर आणून दिला. परंतु कंपनीकडून आलेले तंत्रज्ञ म्हणाले, की आमच्या लाइनवर बाहेरचा राउटर चालत नाही. हे खरे आहे का? कंपनीचा बॉक्स काढून त्या जागी आपला राउटर लावता येईल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तंत्रज्ञांचे म्हणणे निम्मे खरे आहे. आपल्याकडील बॉक्स दिसायला एक असला, तरी त्यात दोन निरनिराळी कामे चालतात. काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणे हे पहिले काम. ते करणाऱ्या भागाला ओएनटी म्हणतात. दुसरे काम राउटरचे, म्हणजे घरातील प्रत्येक उपकरणाला पत्ता देणे, बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणे आणि वायफाय पुरवणे.

पहिल्या कामात ग्राहकाने हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरगुती फायबरसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एक्स्चेंजमधून निघालेला एकच तंतू वाटेत स्प्लिटरने विभागून ३२ किंवा ६४ घरांपर्यंत नेलेला असतो, आणि डाउनलोडची सुमारे २.५ जीबीपीएस व अपलोडची सुमारे १.२५ जीबीपीएस एवढी क्षमता ही सगळी घरे मिळून वापरतात. अपलोड करताना प्रत्येक घरातील बॉक्सने आपल्याला नेमून दिलेल्या क्षणीच प्रकाश सोडायचा असतो. हा हिशेब सांभाळण्यासाठी एक्स्चेंजमधील यंत्र प्रत्येक बॉक्सला त्याच्या अनुक्रमांकावरून ओळखते. नोंद नसलेला बॉक्स जोडला तर तो सुरूच होत नाही, आणि एखादा सदोष बॉक्स भलत्याच वेळी प्रकाश सोडू लागला तर त्याच तंतूवरील शेजाऱ्यांचेही इंटरनेट बंद पडू शकते. शिवाय दुकानात मिळणाऱ्या साध्या राउटरला फायबरची हिरवी पिन बसायला जागाच नसते. त्याच्या मागे असतात ते लॅन केबलचे चौकोनी पोर्ट. विजेचा मीटर कंपनीचा आणि मीटरपुढचे वायरिंग आपले, तशीच वाटणी येथेही मानावी : ओएनटी कंपनीची राहू द्यावी, आणि तिच्यापुढचे राउटरचे काम आपल्या उपकरणाकडे घ्यावे.

त्यासाठी कंपनीकडे ‘ब्रिज मोड’ची मागणी करावी लागते. ब्रिज मोडमध्ये कंपनीचा बॉक्स प्रकाशाचे रूपांतर करून जोडणी सरळ लॅन पोर्टवर सोडून देतो आणि बाकी सर्व काही आपला राउटर पाहतो. ही मागणी तोंडी न करता ईमेलने किंवा कंपनीच्या ॲपमधून करावी आणि तिच्यातच तीन गोष्टी विचाराव्यात : जोडणी पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड भरून सुरू होणाऱ्या) पद्धतीची आहे की डीएचसीपी (आपोआप पत्ता मिळणाऱ्या) पद्धतीची, पीपीपीओई असल्यास युजरनेम आणि पासवर्ड काय, आणि व्हीलॅन क्रमांक (एकाच लाइनवरील इंटरनेट, फोन अशा जोडण्या वेगळ्या ठेवणारा) आपल्या राउटरमध्ये भरायचा आहे की तो कंपनीचा बॉक्सच लावणार आहे. यातील तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारायला विसरतात, आणि मग युजरनेम-पासवर्ड बरोबर असूनही राउटर तासन्‌तास ‘कनेक्टिंग’ दाखवत राहतो. काही कंपन्या ग्राहकाला बॉक्सवरूनच ओळखतात, युजरनेम देतच नाहीत आणि ब्रिज मोडही नाकारतात. म्हणून नवा राउटर विकत घेणार असणाऱ्यांनी ही उत्तरे हाती आल्याशिवाय एम. जी. रोडवरच्या दुकानाची पायरी चढू नये. आपल्याला तो भेट मिळाला आहे, तेव्हा आपला प्रश्न खर्चाचा नाही.

प्रत्यक्ष बदल करण्याआधी कंपनीच्या बॉक्समधील सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. बॉक्सच्या मागे लँडलाइनचा फोन जोडलेला असेल, तर तंत्रज्ञांना केवळ इंटरनेटची जोडणी ब्रिज करायला सांगावे. फोनची जोडणी वेगळी असते, ती बॉक्समध्येच राहिली पाहिजे, नाहीतर इंटरनेट सुरू होईल आणि फोन मुका होईल. कंपनीचा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स असल्यास त्याचीही अशीच चौकशी करावी. राउटर बदलल्यावर लगेच जोडणी मिळाली नाही तर घाबरू नये : कंपनीच्या यंत्रणेत जुन्या राउटरची नोंद काही वेळ तशीच राहते, म्हणून दोन्ही बॉक्स थोडा वेळ बंद ठेवून आधी ओएनटी आणि मग राउटर सुरू करावा.

ब्रिज मोड मिळालाच नाही, तरी भेट वाया जात नाही. नवा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाकून कंपनीच्या बॉक्सला लॅन केबलने जोडला, की पत्ते देण्याचे काम जुन्याकडे राहते आणि वायफायचे काम नवा करतो. हा मोड नसलेला राउटर साध्या पद्धतीने जोडला, तर एकामागे एक असे दोन राउटर होतात. मंचांवर या ‘डबल नॅट’चा फार बाऊ केला जातो, प्रत्यक्षात बँकेचे व्यवहार, व्हिडिओ, कार्यालयाच्या मीटिंग यांना त्याची सहसा झळ पोहोचत नाही, अडचण येते ती काही ऑनलाइन खेळांना आणि घरचा कॅमेरा बाहेरून थेट पाहू इच्छिणाऱ्यांना. मात्र दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच असेल तर गोंधळ उडतो. अशा वेळी नव्याचा पत्ता १९२.१६८.५.१ असा काहीतरी वेगळा करून घ्यावा.

आता आपल्या मूळ तक्रारीकडे वळू, कारण वरचे सर्व करूनही ती तशीच राहण्याची शक्यता आहे. आपली अडचण राउटरच्या दर्जापेक्षा जागेची अधिक आहे. वेगवान असलेले ५ गिगाहर्ट्‌झचे वायफाय आरसीसी स्लॅबमधून जाताना फार क्षीण होते, आणि २.४ गिगाहर्ट्‌झचे थोडे पुढे जात असले तरी त्याच्यावर शेजारच्या घरांची गर्दी असते. नवा महागडा राउटर जुन्या जागी, टीव्हीच्या मागे, लाकडी कपाटात ठेवला तर वरच्या खोलीत फारसा फरक पडणार नाही. जिन्याच्या कडेने कॅट-६ ची एक केबल वर न्यावी आणि नवा राउटर सूनबाईंच्या खोलीबाहेर, उंचावर ठेवावा. कंपनीचा बॉक्स ब्रिज मोडमध्ये गेल्यावर तळमजल्यावर मात्र वायफाय उरणार नाही, हे विसरू नये. म्हणूनच दोन मजल्यांच्या घरासाठी मला ॲक्सेस पॉइंटचा पर्याय अधिक व्यवहार्य वाटतो. त्यात खाली कंपनीचे वायफाय आणि वर आपले अशी सोय होते, फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ असा चॅनेल नेमून द्यावा.

प्रश्न : जुन्या नाशिकमधील आमच्या वाड्यात ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. स्वतःचा राउटर लावल्यापासून वेग ९४ च्या पुढे जात नाही. कंपनी वेग कमी देते आहे का?
– एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : ९४ हा आकडाच दोष कुठे आहे ते सांगतो. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर चाचणीत साधारण ९४-९५ पर्यंतच वेग दिसतो. तेव्हा एकतर आपल्या राउटरचा पोर्ट ‘फास्ट इथरनेट’ म्हणजे १०० एमबीपीएसचा आहे, स्वस्त राउटरमध्ये तो आजही असतो आणि खोक्यावर मात्र वायफायचा मोठा आकडा छापलेला असतो. किंवा केबलमध्ये खोट आहे. केबलची पारदर्शक पिन उजेडात धरून पाहावी. आत आठ रंगीत तारा ओळीने दिसल्या पाहिजेत. वायर वाचवण्यासाठी किंवा घाईत कुणी चारच बसवल्या असतील, तर जोडणी चालते, पण १०० च्या वर जात नाही. नवी तयार केबल लावून पाहावी, आणि तरीही ९४ च दिसल्यास राउटर बदलावा. वाड्याच्या जाड भिंतींमुळे मिळणारा कमी वेग असा एकाच आकड्यावर अडत नाही, तो खोलीगणिक बदलतो.

प्रश्न : इंटरनेट बंद पडले, की ग्राहक सेवा केंद्र ‘तुमच्या राउटरचा दोष आहे’ असे सांगून तक्रारच घेत नाही. काय करावे?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : फोन करण्याआधी कंपनीच्या बॉक्सवरचे दिवे पाहावेत. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा असेल तर प्रकाश पोहोचतो आहे, ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर तंतूच तुटला किंवा वाकला आहे आणि आपल्या राउटरचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. सिंहस्थाच्या तयारीसाठी रस्ते खोदले जात असताना हा लाल दिवा शहरात अनेकांना दिसेल. त्याचा वेळेसह फोटो काढावा आणि तक्रारीला जोडावा. जोडणी मधूनमधून तुटत असेल तर बॉक्सच्या सेटिंगमधील प्रकाशाची पातळी पाहावी : ती उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) आसपास किंवा त्याहून खाली गेली असेल, तर दोष लाइनचाच समजावा. हिरवी पिन मात्र स्वतः उपसू नये, आणि तिच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो.

दिवे ठीक असतील तर आपला राउटर काढून कंपनीच्या बॉक्सला लॅपटॉप थेट जोडून पाहावा. ब्रिज मोड असल्यास लॅपटॉपवरच पीपीपीओईचे युजरनेम भरून जोडणी करावी लागते. इंटरनेट तरीही सुरू झाले नाही, तर तसे स्पष्ट सांगून तक्रारीचा क्रमांक मागावा. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या नियमांनुसार तो देणे कंपनीला बंधनकारक आहे. निवारण न झाल्यास त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे तेथे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नये.

वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हाही हा वाद उद्भवतो. छोटा यूपीएस फक्त राउटरला लावून उपयोग नाही, ओएनटीही त्यावर चालली पाहिजे. दोन्हींच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट जुळतात का ते पाहावे आणि अँपिअरची बेरीज करून मगच यूपीएस निवडावा. आणि कनेक्शन बंद करायची वेळ आली, तर कपाटात ठेवून दिलेला कंपनीचा बॉक्स ॲडॉप्टरसह परत करून त्याची पोच घ्यावी. डिपॉझिट परत मागताना ती लागते.