नेम धरण्याआधी: बॅरलला काय आवडतं ते बॅरललाच विचारा

प्रश्न: सर, मी डोंबिवलीची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षं एअर रायफल केली, आता पॉइंट टू-टू (.२२) रायफलच्या प्रोनला, म्हणजे पालथं झोपून नेम धरायच्या प्रकाराला आलेय. रेंजवर प्रत्येक जण वेगळीच अ‍ॅम्युनिशन चांगली म्हणतो. त्यात बाबांनी कुठेतरी वाचलं की अमेरिकेत लोक घरीच काडतुसं भरतात, स्वस्त पडतात आणि ग्रुपही, म्हणजे लागलेल्या गोळ्यांचा पुंजका, छान जवळजवळ येतो. आपण तसं करू शकतो का? नाहीतर मग घेऊ कुठली?

उत्तर: आधी बाबांचं बघू. नाही जमणार. .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस, म्हणजे पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, पिन त्या कडेवर आपटली की कड चेपते, बार होतो आणि ती पुंगळी तिथेच कामातून जाते. अमेरिकेतले लोक घरी भरतात ती सेंटरफायर, तिच्या बुडाला मधोमध वेगळा प्रायमर, म्हणजे पेटणाऱ्या मसाल्याची टोपी असते, ती काढून नवी बसवायची, पुंगळी डायमधून, म्हणजे साच्यातून परत मापात आणायची, बंदुकीची दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची. शिवाय आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे तो विचार डोक्यातून काढूनच टाका.

पण ती माणसं एवढा खटाटोप का करतात ते बाबांना समजावून सांग, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. त्यांना प्रत्येक काडतूस मागच्यासारखंच हवं असतं, बास. साधा हिशेब करून बघ, एक गोळी ३३० मीटर प्रति सेकंदाने निघाली आणि दुसरी ३२० ने, तर ५० मीटरवर दुसरी जवळजवळ ७ मिलिमीटर खाली लागते. आपल्या टार्गेटचा दहाचा गोल आहे १०.४ मिलिमीटरचा. म्हणजे तुझा श्वास, ट्रिगर, होल्ड सगळं बरोबर असूनसुद्धा नुसत्या अ‍ॅम्युनिशनने दहाचा नऊ होऊ शकतो, आणि बिचारी पोरं मग महिनोन् महिने स्वतःची पोझिशन बदलत बसतात.

आपल्याला भरता येत नाही, निवडता मात्र येतं. प्रत्येक डब्यावर लॉट नंबर, म्हणजे माल कुठल्या खेपेत बनला त्याचा नंबर असतो, तो वाचायची सवय लाव. एकाच कंपनीचा, त्याच नावाचा, त्याच किमतीचा डबा, पण लॉट वेगळा असेल तर तुझ्या बॅरलमध्ये वागणूक वेगळी. एली आणि लापुआ या काडतुसं बनवणाऱ्या कंपन्या, बर्मिंगहॅमला एलीकडे आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआकडे टेस्ट रेंज आहेत, खेळाडू आपली रायफल घेऊन जातात, ती क्लॅम्पमध्ये बसवून एकेका लॉटचे ग्रुप काढतात आणि जो बसला तो लॉट उचलतात. आपण वरळीच्या रेंजवर तेच साध्या रीतीने करू शकतो, कोचला सांगून रायफल टेकवून, सकाळी लवकर, समुद्राचा वारा उठायच्या आत. चार-पाच लॉट घे. लॉट किंवा कंपनी बदलली की पहिले १०-१५ शॉट मोजायचे नाहीत, कारण गोळीवरचं ग्रीस बॅरलमध्ये बसायला तेवढे लागतात. मग १० शॉटचे ग्रुप काढ, निदान तीन. ३ शॉटचा ग्रुप कुणाचाही सुंदर येतो, त्याचा फोटो काढून खूश होऊ नकोस. जो लॉट तुझ्या बॅरलला आवडला तो सीझनभराचा एकदम घेऊन ठेव. मी हे न केल्याची किंमत मोजलीय, राज्य स्पर्धेच्या आठवडाभर आधी माझा लॉट संपला, दुकानदाराने 'तीच आहे हो' म्हणून दुसरा लॉट दिला, मी नंबर न बघता घेतला आणि पूर्ण मॅच शॉट खाली खेचत राहिलो.

अजून एक, जास्त वेगाची घेऊ नकोस, कितीही कुणी सांगू दे. मॅचची .२२ मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, साधारण ३२५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. मुंबईच्या ३० डिग्रीत आवाजाचा वेग सुमारे ३४९ असतो, हाय व्हेलॉसिटी गोळी त्याच्या वर निघते, तिथे हवा तिला जास्त अडवते, वेग झपाट्याने पडतो आणि वाऱ्याने ती हळू गोळीपेक्षा जास्त वाहते. पटायला वेळ लागतो पण असंच आहे. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य आणलं ते याच .२२ वर, ४५१.४ च्या स्कोअरने.

प्रश्न: माझा भाचा टेक्सासला असतो. तिथे रानात प्रेअरी डॉग म्हणून खारीसारखे प्राणी बिळं करून जमीन पोखरतात, ते मारायला आणि लांब पल्ल्याच्या टार्गेटला अशी एकच रायफल त्याला घ्यायचीय. .२२-२५० काडतुसाची की ६.५ क्रीडमोरची, यावर आमचं फोनवर भांडण चाललंय. आणि हे १४० ग्रेन, ५५ ग्रेन म्हणजे नक्की किती? (ठाणे)

उत्तर: ग्रेनचं सोप्पं आहे, सोनाराकडे जा! जुना तोळा म्हणजे बरोब्बर १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम. एक ग्रेन साधारण अर्धी गुंज. म्हणजे १४० ग्रेनची गोळी पाऊण तोळ्याहून जराशी जास्त, ५५ ची साडेतीन ग्रॅम.

.२२-२५० आधी बंदूक कारागीर स्वतःच्या हाताने बनवायचे, १९६५ ला रेमिंग्टनने ती कारखान्यात आणली. ५५ ग्रेनची गोळी सुमारे ११२० मीटर प्रति सेकंदाने सुटते, ३०० मीटरपर्यंत जवळजवळ सरळ रेषा, आणि पातळ कवचाची गोळी लागताक्षणी फुटते त्यामुळे उसळून भलतीकडे जायचा धोका कमी. पण हलकी गोळी, वारा तिला लांबवर नेतो. क्रीडमोर २००७ ची, हॉर्नेडीने टार्गेटसाठीच काढली. १४० ग्रेन, ८२० च्या आसपास, सुरुवातीला हळू, पण गोळी लांब आणि निमुळती असल्यामुळे वेग टिकतो आणि १००० यार्डांच्या पुढेही ती आवाजापेक्षा वेगात असते. लांब गोळीला जास्त फिरकी लागते म्हणून क्रीडमोरच्या बॅरलमधल्या फिरकी देणाऱ्या खाचांचा ८ इंचांत एक वेढा, जुन्या .२२-२५० मध्ये १४ इंचांत एक. म्हणजे .२२-२५० मध्ये जड गोळी घालून 'लाँग रेंज करू' हे सहसा चालत नाही.

माझं मत विचाराल तर भाच्याने क्रीडमोर टार्गेटला घ्यावी आणि प्रेअरी डॉगला साधी .२२३ काडतुसाची. तिथे दिवसात शेकडो शॉट होतात, .२२-२५० त्यात तापते आणि बॅरलचा गळा (काडतुसाच्या लगेच पुढचा भाग) लवकर जळतो, क्रीडमोरचा धक्का एवढा की स्कोपमधून गोळी कुठे लागली ते दिसत नाही. .२२३ स्वस्त आणि कमी धक्क्याची.

तो काडतुसं स्वतः भरणार असेल तर एवढं नक्की सांगा, कुणा मित्राच्या रायफलचं दारूचं माप आपल्या रायफलीत वापरायचं नाही. दारूच्या कंपनीचं पुस्तक घ्यायचं, कमी मापापासून सुरू करायचं, टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा. क्रीडमोरमध्ये दाब ६२,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचावर इतके पौंड) जातो, गाडीच्या टायरमध्ये ३२ असतो. चुकून दारू बदलली तर रायफल डोळ्यांसमोर फुटते.

प्रश्न: लालबागला राहतो, गुहागरजवळ आंबा-काजू आहे. रानडुकरं फार झालीत. एअर रायफल चालेल का?

उत्तर: नाही. एअर रायफलचा छरा डुकराला मारत नाही, फक्त जखमी करतो, ते जनावर कुजत मरतं आणि तोवर माणसावर धावून येतं. शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. नुकसानीचा पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा, डुकराचं काय करायचं ते त्यांच्या परवानगीनेच.

प्रश्न: पावसाळ्यात काडतुसं फ्रिजमध्ये ठेवावीत असं एकाने सांगितलं, खरं का? (दादर)

उत्तर: अजिबात नको. बाहेर काढली की पुंगळीवर दव धरतं. मूळ डब्यातच, कुलुपाच्या लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या जुलैत एकदा बदला. रेंजवर एसीच्या गाडीतून आलात तर डबा अर्धा तास बंदच राहू द्या.