मूल पहिलीत गेल्यानंतरची वर्षे

आपले मूल पहिलीत गेले, आता बारावे वर्ष लागेपर्यंत फारसे काही घडत नाही, असे आपल्याला अनेक जण सांगतील. मला ते मुळीच पटत नाही. उंची वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटरच वाढते, पण आतली घडण वेगाने चालू असते. बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारण 7 ते 11 या वयात मूल तर्क करू लागते, मात्र त्याला समोर मूर्त आधार लागतो. म्हणून अपूर्णांक अडले तर पोळीचे चतकोर करून दाखवावेत, आणि चर्चगेटहून बोरिवलीकडे जाणारी जलद लोकल कोणती स्थानके वगळते, हे नकाशावरून त्यालाच शोधू द्यावे.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी या वयातला मुख्य संघर्ष कर्तृत्वभावना आणि न्यूनगंड यांच्यातला मानला आहे, आणि मी सर्वाधिक आग्रह इथेच धरेन: शेजारच्या मुलाच्या गुणांचा विषय आपल्या मुलासमोर काढू नये, उलट स्वतःचा डबा भरण्यासारखे खरे काम त्याच्यावर सोपवून ते हळू झाले तरी पूर्ण करू द्यावे. सोसायटीच्या आवारात खेळाच्या नियमांवरून भांडण झाले की लगेच खाली धावू नये, कारण तडजोड मुले तिथेच शिकतात. मारहाण किंवा सततची हेटाळणी असेल, तर मात्र थांबू नये.

झोप 9 ते 12 तास हवी. मुलींमध्ये वयात येण्याच्या खुणा आठव्या वर्षापासूनही दिसू शकतात, त्यामुळे शरीराविषयीचे बोलणे तिसरी-चौथीतच सुरू करावे.