ओल्या केसांनी सर्दी होते का?

प्रिय चिऊ,

तुझा मेसेज वाचला. नाक चोंदलेलं असतानाही प्रश्न बरे सुचतात तुला! ओल्या केसांनी फिरलीस म्हणून सर्दी झाली, असं आजी म्हणते. शाळेत तर विषाणूमुळे होते असं शिकवलंय. मग आपल्याकडे सगळेच असं का म्हणतात?

शाळेतलं बरोबर आहे. सर्दीचे विषाणू दोनशेहून जास्त आहेत आणि त्यांत ऱ्हायनोव्हायरस सगळ्यांत जास्त सापडतात. एकाची ओळख शरीराला पटते न पटते तोच दुसरा हजर, म्हणून सर्दी पुन्हा पुन्हा होते. विषाणू शिरल्यापासून साधारण एक ते तीन दिवसांनी घसा खवखवायला लागतो. म्हणजे सोमवारी शिंका सुरू झाल्या तर चोर शनिवारीच घरात शिरलेला असतो. पण केस धुतलेले आठवतात सोमवारी सकाळी, मग आळ त्यांच्यावर.

तरी लगेच आजीला खोटं पाडायला जाऊ नकोस. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीजवळ १९४६ पासून फक्त सर्दीचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. तिथे स्वयंसेवकांना गरम पाण्याने अंघोळ करायला लावून, ओलेत्यानेच वाऱ्याच्या बोळात उभं केलं. कुडकुडले बिचारे, पण त्यामुळे सर्दी काही वाढली नाही. पुढे २००५ साली कार्डिफमध्ये ९० जणांना २० मिनिटं गार पाण्यात पाय बुडवून बसवलं. चार-पाच दिवसांत त्यांतल्या १३ जणांनी सर्दीची तक्रार केली. पाय कोरडे ठेवलेल्या ९० जणांत असे ५ निघाले. विषाणू नाकात आधीच दबा धरून असेल, तर गारठ्याने त्याचं फावत असावं. नुसत्या गारठ्याने मात्र सर्दी होत नाही. तेव्हा आजी अर्धी बरोबर. केस पुसत जा, तेवढ्याने तुझं काही बिघडत नाही.

आता नाकाचं. जोर लावून शिंकरू नकोस. एक नाकपुडी दाबून दुसरी हलकेच शिंकर. नाक फक्त शेंबडाने चोंदत नाही, आतलं अस्तरच सुजलेलं असतं. ते शिंकरून कसं निघेल? कुशीवर झोपलीस की खालची नाकपुडी बंद होते. कूस बदल, थोड्या वेळाने ती मोकळी होते आणि दुसरी चोंदते. आज रात्री करून बघ.

शेंबूड हिरवट झाला म्हणून अँटिबायोटिक लागत नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कर, पाणी पीत राहा, झोप काढ. खोकल्याला रात्री चमचाभर मध चालेल, पण काकूच्या बाळाला चाटवू नका. वर्षाच्या आतल्या मुलाला मध देत नाहीत. आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकून वाफ घ्यायची नाही. पातेलं कलंडून मुलं भाजतात. आजीशी त्यावर मी बोलते, तू वाद घालू नकोस.

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत वाईट असतो. आठवडा-दहा दिवसांत सर्दी ओसरते, खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. एकदम सडकून ताप आला आणि अंग ठणकायला लागलं तर तो फ्लू असू शकतो. धाप लागली, कान दुखला, ताप तीन दिवसांहून जास्त राहिला किंवा बरं वाटता वाटता पुन्हा बिघडलं, तर मला कळवत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा.

बाळाला उचलण्याआधी साबणाने हात धू. शिंकताना तळहात नाही, कोपर तोंडापुढे धर.

तुझी,
आई