काचेआडचे पुतळे आणि काचेवरचा रस्ता

वाचकांचे प्रश्न : छायाचित्रण

प्रश्न : मी जळगावचा रहिवासी आहे. नवी पेठेतील कापड दुकानांच्या दर्शनी काचांमागे साड्या नेसवून उभे केलेले पुतळे आणि त्याच काचेवर उमटणारे रस्त्याचे प्रतिबिंब, या दोन्ही गोष्टी एकाच छायाचित्रात आणण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. दुपारच्या छायाचित्रांत केवळ रस्ता आणि मी स्वतः दिसतो, तर रात्रीच्या छायाचित्रांत केवळ पुतळे दिसतात. नमुन्यादाखल काही छायाचित्रे सोबत जोडली आहेत. वेळ कोणती साधावी आणि कॅमेरा कसा लावावा, याचे मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपण पाठविलेल्या दुपारच्या छायाचित्रातच आहे. त्यात समोरची उन्हातली इमारत, विजेच्या तारा आणि उभ्या केलेल्या दुचाकी काचेवर इतक्या लख्ख उमटल्या आहेत की पुतळा जवळजवळ पुसला गेला आहे. मात्र जिथे आपली स्वतःची काळपट आकृती आहे, तिथे नीट पाहावे. आपल्या खांद्याच्या आणि डोक्याच्या कडेच्या आत साडीच्या निऱ्या, जरीचा काठ आणि पदराला टाचलेली किमतीची चिठ्ठीसुद्धा स्पष्ट दिसते. काचेवरचे प्रतिबिंब जिथे गडद असते तिथून आतले दिसते आणि ते जिथे उजळ असते तिथे आतले झाकले जाते. त्यामुळे काचेवर कोणती गडद वस्तू कुठे पडू द्यायची, हे ठरविणे हेच या प्रकारच्या छायाचित्रणातले मुख्य काम आहे. बाकीचे सारे त्यानंतर येते.

यामागचे गणित सोपे आहे. साधी काच समोरून पडलेल्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत पाठविते. भर दुपारी उघड्यावर साधारण १,००,००० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो आणि दुकानातील मांडणीवर १,००० लक्स असला तरी तो भरपूर म्हणावा लागतो. बाहेरच्या प्रकाशाचे ८ टक्के धरले तरी प्रतिबिंब आतल्या पुतळ्याच्या आठपट, म्हणजे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), उजळ ठरते. याउलट दिवेलागणीनंतर बाहेर काही उरलेलेच नसते, मग त्याचे ८ टक्के ते काय असणार? दोहोंचा समतोल बाहेरचा प्रकाश आतल्या प्रकाशाच्या दहा ते बारा पट असताना साधतो, दोन्ही सारखे झाल्यावर नव्हे. म्हणूनच ‘दिवे लागल्यावर जा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा अर्धा-पाऊण तास अधिक उपयोगाचा आहे. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सात वाजून गेल्यावर, तेव्हा ऋतूप्रमाणे ही वेळ सव्वा तासाने पुढेमागे होते. पावसाळ्यातील ढगाळ दिवशी तर हा समतोल दुपारीही मिळू शकतो, आणि खानदेशात अशा दुपारी मोजक्याच येत असल्यामुळे त्या वाया घालवू नयेत.

दुकानाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हेही पाहावे. संध्याकाळी पूर्वाभिमुख दुकानाची काच स्वतः सावलीत असते आणि तिच्यासमोरच्या इमारतींवर मावळतीचे ऊन पडलेले असते, त्यामुळे प्रतिबिंब तेजस्वी आणि रंगीत येते. त्याच वेळी पश्चिमाभिमुख दुकानाच्या काचेवर सरळ ऊन पडते आणि काचेवरची धूळ, फडक्याचे ओरखडे आणि बोटांचे ठसे हेच छायाचित्राचा विषय होऊन बसतात. अशा दुकानांकडे सकाळी जावे. तेव्हा दुकान उघडलेले नसण्याची शक्यता असते, पण शटर बाहेरून नसेल तर त्याची अडचण नाही.

आता फोकसविषयी. प्रतिबिंब काचेवर ‘चिकटलेले’ दिसत असले तरी लेन्सच्या दृष्टीने ते काचेच्या मागे, मूळ वस्तू काचेच्या जितकी पुढे आहे तितक्याच अंतरावर असते. आपण काचेपासून २ मीटरवर उभे आहात, पुतळा काचेच्या आत अर्ध्या मीटरवर आहे आणि समोरची इमारत काचेपासून १२ मीटरवर आहे असे धरले, तर पुतळा अडीच मीटरवर आणि इमारतीचे प्रतिबिंब १४ मीटरवर आहे. पुतळ्यावर फोकस धरून एफ २.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र (अपर्चर) मोठे ठेवून, छायाचित्र घेतले की इमारत विरघळून जाणारच. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मइतका सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स, अपर्चर एफ ११ (लहान छिद्र) आणि फोकस सुमारे ४ मीटरवर ठेवला, तर साधारण २ मीटरपासून अनंतापर्यंत सारे स्वीकारार्ह स्पष्ट येते. क्रॉप सेन्सरचा, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा, कॅमेरा असेल तर २४ मिमी लेन्स आणि एफ ८ यांवर जवळजवळ हेच साधते. ऑटोफोकस अशा ठिकाणी गोंधळतो, कधी पुतळ्याकडे तर कधी इमारतीकडे धावतो. तो बंद करून अंतर हाताने लावावे. मात्र दोन्ही स्पष्ट असलेच पाहिजेत असा नियम नाही. पुतळ्याचा चेहरा काटेकोर आणि रस्ता किंचित मऊ, अशी निवड आपण पाठविलेल्या विषयाला कदाचित अधिक शोभेल.

आपल्या दुसऱ्या छायाचित्रात विजेची प्रत्येक तार दुहेरी दिसते, ती कॅमेरा हलल्यामुळे नव्हे. काचेचा पुढचा आणि मागचा पृष्ठभाग आपापले प्रतिबिंब देतो, आणि काच जाड असून आपण तिरपे उभे असलो की ती दोन प्रतिबिंबे एकमेकांपासून सरकतात. १२ मिमी जाडीच्या काचेकडे ४५ अंशांतून पाहिले तर हे अंतर सुमारे ९ मिमी भरते. काचेसमोर सरळ उभे राहिल्यास ते नाहीसे होते, पण मग आपण स्वतः चित्रात येतो. ही देवघेव प्रत्येकाने आपापल्या आवडीप्रमाणे करावी.

पॅरिसच्या युजेन आत्जे (१८५७–१९२७) यांनी १९२५च्या सुमारास गोब्लँ मार्गावरील कपड्यांच्या दुकानांची जी छायाचित्रे घेतली, त्यांत सूट घातलेल्या पुतळ्यांच्या अंगावरून समोरच्या इमारती आणि झाडे गेलेली दिसतात. लाकडी पेटीचा मोठा कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन फिरणाऱ्या या गृहस्थांनी प्रतिबिंब टाळण्याचा खटाटोप केलेला दिसत नाही. ती छायाचित्रे मिळवून जरूर पाहावीत.

प्रश्न : धुळ्यात आग्रा रोडवरील दुकानांच्या काचांमधील पितळी मूर्तींची छायाचित्रे मला प्रतिबिंबाविना हवी आहेत. त्यासाठी मी पोलरायझर (प्रतिबिंबाची चमक कमी करणारा) फिल्टर विकत घेतला, परंतु तो फिरवूनही काहीच फरक पडत नाही. फिल्टर सदोष आहे का?

उत्तर : बहुधा फिल्टर उत्तम असावा आणि आपण चुकीच्या जागी उभ्या असाव्यात. काचेवरून परतणारा प्रकाश सर्वाधिक ध्रुवित होतो (म्हणजे एकाच दिशेत कंप पावतो, आणि असाच प्रकाश हा फिल्टर अडवू शकतो) तो काचेला काढलेल्या लंबाशी सुमारे ५६ अंशांच्या कोनात. म्हणजे आपली नजर काचेच्या पृष्ठभागाशी जेमतेम ३४ अंश करीत असेल तेव्हा. समोर सरळ उभे राहून फिल्टर कितीही फिरविला तरी प्रतिबिंब ढळणार नाही. बाजूला सरकून, काचेच्या कडेने आत पाहत फिल्टर हळूहळू फिरवावा. या मोबदल्यात दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो, तो हिशेबात धरावा.

दोन अपवाद सांगतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जात असल्याने आपल्याकडे पुष्कळ दुकानदार काचेवर सन फिल्म लावतात. ती धातूचा थर असलेली असेल, तर तिच्यावरच्या प्रतिबिंबावर पोलरायझरची मात्रा चालत नाही. खुद्द पितळेवरच्या चमकेबाबतही तेच. शिवाय काच टफन (उष्णता देऊन कणखर) केलेली असेल, तर पोलरायझरमधून तिच्यावर गडद ठिपक्यांची नक्षी उमटू शकते. ती दिसली तर फिल्टर काढून ठेवावा. खरे सांगायचे तर मूर्ती प्रतिबिंबाविना हव्या असतील, तर लेन्सला रबरी हुड (लेन्सपुढे बसणारे आवरण) लावून तो काचेला टेकविणे हा फिल्टरपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. तसे जमत नसेल तर पाठीमागे कोणाला तरी काळी छत्री उघडून उभे करावे. वर म्हटल्याप्रमाणे, त्या छत्रीच्या प्रतिबिंबातून आतली मूर्ती दिसू लागते.

पितळी मूर्तीवर प्रकाश कसा पडतो हे शिकायचे असेल, तर चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांचे काम पाहून यावे. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, केवळ प्रकाशाची दिशा बदलून, त्यांतून मोठ्या देखाव्याचा आभास उभा करणारी त्यांची टेबल-टॉप छायाचित्रे दुकानाच्या शोकेसकडे पाहण्याची नजर देतात, असे माझे मत आहे.

प्रश्न : आमच्या गावातील चौकातला पूर्णाकृती पुतळा समोरच्या शोरूमच्या काचेत सुंदर दिसतो. त्याचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास शिल्पकाराची किंवा दुकानदाराची परवानगी लागते का? प्रतिबिंबात पुतळ्याचा उजवा हात डावा होतो, तेव्हा छायाचित्र उलटवून घ्यावे का?

उत्तर : सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढणे आणि ते प्रसिद्ध करणे, यास कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार स्वामित्व हक्काचा भंग मानले जात नाही. दुकानाच्या काचेआड चार दिवसांसाठी मांडलेल्या कलाकृतीला ही सवलत लागू होते असे समजू नये, कारण तिथे ‘कायमस्वरूपी’ ही अट पुरी होत नाही. रस्त्यावरून काढलेल्या छायाचित्रासाठी दुकानदाराची लेखी परवानगी लागत नसली, तरी आधी आत जाऊन दोन शब्द बोलावेत हे बरे. सराफ बाजारात तर ते आवश्यकच समजावे, कारण काचेसमोर रेंगाळणारा कॅमेरा तिथे साहजिकच संशय निर्माण करतो. कायदा काहीही म्हणो, शिल्पकाराचे नाव माहीत असल्यास ते छायाचित्राखाली द्यावे. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९२५ साली जन्मलेल्या राम सुतार यांचे नाव सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्यामुळे सर्वतोमुखी झाले, पण गावोगावच्या चौकांतील शिल्पकारांची नावे बहुधा चौथऱ्यावरच्या पाटीपुरती राहतात, तीही रंगाखाली दडलेली.

छायाचित्र मात्र उलटवू नये. तसे केल्यास हात जागेवर येईल, पण काचेवर रंगविलेले दुकानाचे नाव उलटे होईल आणि पाहणाऱ्याला ते आधी खटकेल. काळवंडलेल्या कांस्य पुतळ्याने चौकटीचा बराच भाग व्यापला असेल, तर कॅमेऱ्याचे प्रकाशमापक (मीटर) चित्र नाहक उजळ करते. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप उतरवावे. पांढऱ्या संगमरवराला नेमके उलट करावे. मागे लटकणाऱ्या फ्लेक्स फलकांवर माझ्याकडे उपाय नाही. जयंती-पुण्यतिथीचे आठवडे टाळावेत, एवढेच सुचवितो.

प्रश्न : गणेशोत्सवापूर्वी भुसावळला दुकानांत मांडलेल्या मूर्तींची छायाचित्रे मी मोबाइलवर काढते. त्यांत आडवे काळे पट्टे येतात. ते कशाने?

उत्तर : आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे एलईडी दिवे आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटरचा वेग त्याहून जास्त असला की हे चढउतार पट्ट्यांच्या रूपाने उमटतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये वेग १/१०० किंवा १/५० वर स्थिर करावा आणि प्रकाश जास्त वाटल्यास आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) कमी करावा. मोबाइल काचेला टेकवून धरल्यास प्रतिबिंबही जाते आणि हातही हलत नाही. त्याआधी काचेचा तेवढा भाग रुमालाने पुसून घ्यावा.