मुलांसोबत टाकाऊ वस्तूंपासून सुपरहिरोचे मुखवटे, केप, मनगटपट्टे नीटनेटके कसे बनवायचे?

तुमच्या प्रश्नातल्या 'नीटनेटके' या शब्दापाशी मी थांबलो. तुम्ही लिहिलंय की मुलगी पाच वर्षांची आहे, घरात खोके आणि जुने कपडे भरपूर आहेत, पण तिने केलेलं काही 'बाहेर घालून जाण्यासारखं दिसत नाही'. कोणाला दिसत नाही? तिला, की तुम्हाला?

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याने टिश्यू पेपरच्या रोलमधल्या दोन पुठ्ठ्याच्या नळ्यांचे मनगटपट्टे केले. नळ्या मी उभ्या चिरून दिल्या, बाकी सगळं त्याचं. वर बटणं म्हणून झाकणं चिकटवली. उजव्या हातावर दोन, डाव्यावर एक. पाण्याच्या बाटलीचं लाल, कसल्याशा डबीचं निळं आणि टूथपेस्टच्या ट्यूबचं हिरवं. एकही सरळ बसलेलं नव्हतं आणि फेविकॉल सगळीकडे ओघळला होता. पण प्रत्येक बटणाचं काम ठरलेलं होतं. लाल दाबलं की उडायचं, निळं दाबलं की भिंतीपलीकडचं दिसायचं. हिरवं सगळ्यांत महत्त्वाचं. ते दाबलं की जगातले सगळे आवाज बंद. त्याला तेव्हा मिक्सरच्या आवाजाची फार भीती वाटायची. पट्टे झाल्यावर चार दिवस तो मिक्सर सुरू झाला की हिरवं बटण दाबून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा. कानांवर हात न ठेवता.

त्याच आठवड्यात माझा मोठा भाऊ आमच्याकडे राहायला आला. दादाचा हात लहानपणापासून सुबक. रात्री मुलगा झोपल्यावर त्याने ते पट्टे घेतले, झाकणं उपटली, पॉलिश पेपरने घासून चंदेरी रंग दिला आणि दोन्हींवर तीन-तीन निळी झाकणं अगदी ओळीत बसवली. प्रेमानेच केलं, हे मला मान्य आहे. मी समोर बसलो होतो आणि काही बोललो नाही. ते मला आजही खुपतं.

सकाळी मुलाने पट्टे उलटसुलट करून पाहिले. "काका, हिरवं कुठंय?"
"अरे, ते बाकीच्यांबरोबर शोभत नव्हतं."
त्याने पट्टे काकांच्या हातात परत दिले. रडला नाही, रुसला नाही. त्या दिवशी मिक्सर लागला तेव्हा कानांवर हात ठेवून तो आतल्या खोलीत पळाला.

दादाचं म्हणणं अजून तेच आहे: चांगलं काम कसं असतं, हे मुलांना दिसायला नको का? दिसू दे की. त्याच्या शेजारी बसून स्वतःचा वेगळा पट्टा कर, तो बघेल, आवडलं तर उचलेल. पण त्याच्या वस्तूला त्याला न विचारता हात लावायचा नाही. १९६२ साली आलेल्या स्पायडरमॅनची गोष्टच घ्या. मनगटावरून जाळं सोडणारी यंत्रं त्या पोराने स्वतः बनवली, पोशाखही स्वतःच तयार केला. रात्रीत कोणी येऊन ती यंत्रं सुधारून ठेवली असती, तर ती त्याची राहिली असती का? दादा, हे वाचत असशील तर याचं उत्तर दे.

आता तुमचे खोके. छापील खोक्याच्या गुळगुळीत बाजूवर पोस्टर कलर धरत नाही, वाळला की पोपडे निघतात. खोका चिकटवलेल्या कडेवर उकला, उलटा करा, आतली साधी बाजू वर घ्या. कमरपट्टा मोडतो तो पन्हळी पुठ्ठा चुकीच्या दिशेने कापल्यामुळे. पट्टा कमरेभोवती धरला की आतल्या पन्हळी उभ्या आल्या पाहिजेत, मग तो गोल वळतो. आडव्या आल्या तर जागोजागी चुरगळतो. चंदेरी हवं असेल तर रसाचा टेट्रापॅक चिरून धुवा, आतली बाजू चकचकीतच असते. मुखवट्याची भोकं मुलीच्या चेहऱ्यावर कागद धरूनच आखा. त्या वयात दोन बुबुळांमध्ये जेमतेम पाच सेंटिमीटर अंतर असतं, मोठ्यांत सहाच्या वर. आपल्या मापाने कापलं की तिला नीट दिसत नाही आणि ती मुखवटा कपाळावर सरकवते. केपसाठी मोठ्या माणसाचा जुना टी-शर्ट उत्तम. बाह्या आणि पुढचा भाग कापून पाठ ठेवायची. होजिअरीच्या कापडाचे धागे निघत नाहीत, त्यामुळे शिवायची गरज नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: केप गळ्यात बांधायची नाही, गाठ मारायची नाही, टी-शर्टची गोल पट्टीही गळ्यात अखंड ठेवायची नाही. कुठे अडकली तर फास बसतो. दोन्ही खांद्यांवर वेलक्रोचा एकेक तुकडा लावा, ओढ बसली की निघून येईल. प्लॅस्टिकच्या पिशवीची केप तर नाहीच. चिरलेल्या नळीची कड मनगटाला कापते, तिच्यावर कापडी चिकटपट्टी लावा. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर छोटी झाकणं वापरू नका.

आणि हात लावायचा नाही असं मी म्हटलं, तरी कटर आणि ग्लू गन तुमच्याच हातात हवी. गरम गोंदाने चांगलंच भाजतं. मात्र गोंद लावण्याआधी झाकण कुठे बसवायचं ते तिला विचारा आणि ती बोट ठेवेल तिथेच बसवा. तिरकं आलं तर तिरकं.