वाचकांचे प्रश्न: बाळंतपणानंतर लघवी सतत गळते तेव्हा

प्रश्न: आमच्या छोट्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची सोय नाही. तीन दिवस कळा देऊन बाळंत झालेल्या एका बाईची लघवी आठव्या दिवसापासून सारखी गळते आहे. मोठ्या रुग्णालयात तारीख मिळेपर्यंत इथं काय करता येईल? (एक परिचारिका)

उत्तर: पुष्कळ करता येईल, पण आजच सुरू करा. अडलेल्या बाळाचं डोकं मूत्राशय दाबून धरतं, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि मेलेला भाग काही दिवसांनी गळून पडतो. मागे उरतं ते छिद्र म्हणजे फिस्टुला. तो ताजा आणि लहान असेल, तर मूत्राशय सतत रिकामं ठेवल्यावर काही जणींचा शस्त्रक्रियेविना बुजतो.

आधी खात्री करा. योनीमार्गात एकापुढे एक कापसाचे तीन बोळे ठेवा आणि कॅथेटरमधून (मूत्राशयात घालायच्या नळीतून) मिथिलीन ब्लूने फिकं निळं केलेलं 150 ते 200 मिली निर्जंतुक सलाइन सोडा. मधला बोळा निळा झाला, तर छिद्र बहुधा मूत्राशयाला आहे. सर्वांत आतला बोळा ओला होऊनही निळा झाला नाही, तर मूत्रवाहिनीला (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळीला) इजा असण्याची शंका घ्या. तिथं कॅथेटरचा उपयोग नाही, बाईंना लगेच पुढे पाठवा.

मूत्राशयाचं छिद्र असेल तर 16 नंबरचा फोली कॅथेटर (टोकाला फुगा असलेली नळी) घालून 4 ते 6 आठवडे ठेवा. नळीला चिमटा लावू नका. ती मांडीला चिकटवा, म्हणजे फुगा ओढला जाणार नाही. गळणं थांबलं म्हणून नळी लवकर काढण्याचा मोह आवरा. नवी त्वचा अजून कच्ची असते.

उपाय फसतो तो बहुतेकदा नळी तुंबल्यामुळे. पिशवीत लघवी नाही आणि अंथरूण ओलं, असं दिसलं की आधी नळीला पीळ बसलाय का ते पाहा, मग निर्जंतुक सलाइनने धुवा. दुसरं कारण पाणी. गळू नये म्हणून बाया पाणी पिणंच सोडतात. लघवी दाट होते, कातडी जळते, खडे धरतात. त्यांना हे समजावून दिवसाला 4 ते 5 लिटर पाणी पाजा. लघवी पाण्यासारखी दिसली पाहिजे. मांड्यांना पेट्रोलियम जेली लावा.

पाऊल उचलता येतं का, तेही तपासा. त्याच दाबाने पायाचा मज्जातंतूही दुखावतो. सहा आठवड्यांनीही गळत असेल तर शस्त्रक्रिया लागेल. छिद्र बुजलं तरी पुढचं बाळंतपण ठरवून सिझेरियननेच व्हावं, हे बाईंच्या कागदावर ठळक लिहून द्या.