१९६६ च्या ओल्ड्समोबिल टोरोनॅडो गाडीमध्ये ४२५ घन इंचाचं इंजिन काढून ४५५ घन इंचाचं बसेल का?

बसेल. ओल्ड्समोबिल या अमेरिकन कंपनीनेच १९६८ पासून टोरोनॅडोला ४५५ दिलं, त्यामुळे गिअरबॉक्सच्या तोंडाचे बोल्ट जसेच्या तसे जुळतात. खरी अडचण इंजिनच्या खालच्या बाजूला आहे. या फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्स इंजिनच्या शेजारी बसतो, रुंद चेन त्याला ताकद पोचवते आणि उजव्या चाकाचा शाफ्ट इंजिनखालून जातो. म्हणून ४५५ एखाद्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या ओल्ड्समधून काढलेलं असेल, तर त्याचं ऑइल पॅन (इंजिनखालचं तेलाचं भांडं) शाफ्टच्या आड येईल, ते चालणार नाही. टोरोनॅडोचंच पॅन आणि आतली ऑइल ओढणारी नळी लावा. शाफ्टला धरणारा ब्रॅकेट इंजिनच्या ब्लॉकवर येतो, तो भंगारात टाकू नका! शेव्हरोलेचं व्ही-८ मात्र अॅडॅप्टरशिवाय बसत नाही. माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊच नका.